नान्ट ग्वर्थेयर्न : ओस वाडीची भाषाशाळा

1978 साली एमी रोडस्टोन कॉर्पोरेशन या खडी-दगडाच्या मोठ्या कंपनीने उत्तर वेल्सच्या किनाऱ्यावरची एक अख्खी वाडी पंचवीस हजार पौंडांना विकली. वाडीत होतं काय? समोरासमोर नव्हे, तर काटकोनात उभ्या असलेल्या घरांच्या दोन रांगा, खाणीच्या व्यवस्थापकाचं एक मोठं घर, एक चॅपेल, गंजलेली यंत्रं, कोसळायला आलेला धक्का आणि समुद्र. घरांची छपरं ढासळली होती, दारं-खिडक्या नाहीशा झाल्या होत्या. वीज नव्हती, धड रस्ताही नव्हता. शेवटचं कुटुंब 1959 मध्ये डोंगर चढून वर गेलं, त्यानंतर तिथे कायमचं म्हणून कुणी राहिलं नव्हतं. विकत घेणारी होती नुकतीच स्थापन झालेली एक विश्वस्त संस्था, आणि तिच्या मागे उभे होते शेजारच्या गावातले डॉक्टर, कार्ल क्लाउज. या पडक्या घरांमध्ये राहून लोकांनी वेल्श भाषा शिकावी, असा त्यांचा बेत होता.

1982 च्या ईस्टरला तिथे पहिला वर्ग भरला. आज नान्ट ग्वर्थेयर्न हे वेल्श भाषेचं राष्ट्रीय शिक्षणकेंद्र म्हणून ओळखलं जातं. या चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या वाटचालीत भाषेच्या प्रेमाला रोजगाराच्या हिशेबाची जोड सुरुवातीपासून होती. माझ्या मते या संस्थेचं खरं मोठेपण तिथे आहे. पण तिथवर पोचण्याआधी वाडीचा जुना इतिहास सांगायला हवा, कारण संस्था त्याच दगडांवर उभी आहे.

नकाशावर वेल्सच्या वायव्य टोकाला आयरिश समुद्रात घुसलेला एक लांबट हात दिसतो. ते लीन द्वीपकल्प. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर अर आयवल नावाचे तीन सुळके आहेत. सर्वांत उंच सुळका साडेपाचशे मीटरच्या थोडा वर, पण पायथ्याशी थेट समुद्र असल्यामुळे तो डोळ्यांना फार मोठा वाटतो. पूर्वेकडच्या सुळक्यावर ट्रेर केइरी हा लोहयुगातला गड आहे. दगडी तटाच्या आत दीडशेच्या आसपास गोल घरांचे पाये अजून पाहता येतात. पश्चिमेच्या बाजूला डोंगर एकदम तुटतो आणि तीन बाजूंनी कड्यांनी वेढलेली, चौथ्या बाजूला समुद्राकडे उघडणारी दरी तयार होते. ही नान्टची दरी. वर डोंगराच्या खांद्यावर लिथ्वाएन हे गाव, खाली किनाऱ्याला ही वाडी, आणि दोहोंमध्ये अंगावर येणारा घाट.

दरीला नाव मिळालं ते ग्वर्थेयर्न राजावरून. इंग्रज इतिहासकार त्याला व्होर्टिगर्न म्हणतात. पाचव्या शतकातल्या या ब्रिटन राजाने शत्रूंशी लढण्यासाठी सॅक्सनांना समुद्रापलीकडून बोलावलं आणि तेच पुढे मालक होऊन बसले, अशी परंपरागत कथा आहे. आपल्याच लोकांच्या रोषातून पळालेला राजा या दरीत लपला, असं लीनचे लोक सांगत आले. वेल्सच्या स्मृतीत तो भूमी गमावणारा राजा आहे. त्याच्याच नावाच्या दरीत पुढे भाषा राखण्याचं काम उभं राहिलं.

दुसरी कथा शापांची. क्लिनोग वाउर इथल्या मठातून तीन साधू दरीत चर्च बांधायला आले. दरीतल्या कोळ्या-शेतकऱ्यांनी त्यांना दगड मारून हाकललं. जाताना तिघांनी एकेक शाप दिला: इथली जमीन कधी पवित्र होणार नाही, म्हणून इथे कुणाला पुरलं जाणार नाही, इथल्या मुलामुलींची आपसांत लग्नं होणार नाहीत, आणि ही वस्ती भरभराटीला येऊन शेवटी ओस पडेल. त्यातून जन्मली रीस आणि मेइनीर यांची गोष्ट. दोघंही याच दरीतली, लहानपणापासून एकमेकांवर जीव असलेली. लग्नाच्या सकाळी नवरीने लपायचं आणि नवऱ्याकडच्यांनी तिला शोधून चर्चमध्ये न्यायचं, अशी तिथली रीत. मेइनीर लपली ती सापडलीच नाही. रीस वेडा होऊन दऱ्याखोऱ्यांत हिंडत राहिला. पुष्कळ वर्षांनी एका वादळात वीज पडून जुना ओक दुभंगला आणि त्याच्या पोकळ खोडात लग्नाच्या पोशाखातला सांगाडा दिसला. वेल्समध्ये ही कथा शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तिसरा शाप मात्र विसाव्या शतकात अक्षरशः खरा ठरल्यासारखा वाटला, आणि त्याला कारणं अगदी व्यवहारातली होती.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दरीत दोन-तीन शेतघरं होती. मेंढ्या, थोडं धान्य, हेरिंगची मासेमारी एवढ्यावर त्यांचा निर्वाह चाले. मग इंग्लंडमधली शहरं फुगू लागली. लिव्हरपूल, मँचेस्टर, बर्कनहेड इथल्या रस्त्यांवर मालाने लादलेल्या घोडागाड्या आणि पुढे घोड्यांच्या ट्राम धावू लागल्या. मातीचे रस्ते त्या वजनाखाली टिकेनात. लोखंडी धावेखाली न झिजणारा आणि पावसात घोड्याच्या नालेला पकड देणारा दगड हवा होता. आयवलच्या डोंगरात नेमका तसा ग्रॅनाइट होता, आणि तो समुद्राच्या काठावरच होता. जड मालाच्या धंद्यात वाहतुकीचा खर्च सगळं ठरवतो. इथे खाणीतून सुटलेला दगड उतारावरच्या रुळांवरून थेट धक्क्यापर्यंत जाई आणि जहाजात पडे. 1861 च्या सुमाराला लिव्हरपूलच्या नीशॉ अँड लप्टन या कंपनीने नान्टची खाण चालवायला घेतली. एकाच किनाऱ्यावर पोर्थ अ नान्ट, काएर नान्ट आणि कारेग अ लाम अशा तीन खाणी होत्या. पलीकडच्या अंगाला ट्रेवोरची खाण तर याहून मोठी. बर्फावर खेळल्या जाणाऱ्या कर्लिंग या खेळाचे दगड आजही ट्रेवोरच्या ग्रॅनाइटपासून बनतात.

खाणीत सुरुंगाने मोठे धोंडे सुटत. ते फोडून त्यांचे ठरावीक मापाचे चौकोनी चिरे पाडणं हे कसबी हाताचं काम होतं. दगडाची शीर ओळखून नेमका घाव घालावा लागे. चुकीच्या घावाने चिरा फुकट. या पाथरवटांत लीनचे लोक होते, तसे इंग्लंड-आयर्लंडहून आलेलेही होते. दररोज तो घाट चढून-उतरून कामाला येणं शक्य नव्हतं, म्हणून कंपनीने खालीच वस्ती बांधली. 1878 पर्यंत ती पुरी झाली. डोंगराकडे तोंड केलेली ट्रेम अ मनिध आणि समुद्राकडे तोंड केलेली ट्रेम अ मोर अशा दोन रांगांत मिळून पंचवीसेक घरं, व्यवस्थापकासाठी ‘प्लास’ हा वाडा, वस्तीचं दुकान आणि सेइलो नावाचं चॅपेल. बाहेरचा बहुतेक माल समुद्रमार्गे येई. चिरे घेऊन लिव्हरपूलला गेलेलं जहाज परतताना किराणा, कोळसा आणि कापड आणी. जमिनीवरून लिथ्वाएनला जाणं अवघड आणि समुद्रावरून लिव्हरपूल गाठणं सोपं, अशी ही वाडी होती.

चॅपेलबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. त्या काळच्या वेल्श खेड्यात चॅपेल म्हणजे केवळ प्रार्थनेची जागा नव्हती. रविवारच्या शाळेत लहानांबरोबर मोठी माणसंही वेल्श बायबल वाचायला शिकत. गाण्याचा सराव, वक्तृत्व, पाठांतराच्या स्पर्धा, सभा चालवण्याची रीत हे सगळं तिथेच. सरकारी शाळांमधून इंग्रजी शिकवली जात होती. 1847 च्या सरकारी अहवालाने तर वेल्श भाषेलाच मागासलेपणाचं कारण ठरवलं होतं, आणि तो घाव वेल्स अजून विसरलेलं नाही. अशा काळात वेल्श ही लिहिण्या-वाचण्याची, विचार मांडण्याची भाषा राहिली ती चॅपेलांच्या रविवारच्या शाळांमुळे. दिवसभर दगड फोडणारा माणूस रविवारी आपल्या भाषेतला गद्य उतारा समजावून सांगत असे. सेइलोच्या भिंतींत आज नान्टच्या इतिहासाचं प्रदर्शन आहे, ते अगदी योग्य जागी आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाडीत छोटी शाळाही निघाली. पण त्याच सुमाराला पायाखालचा दगड सरकू लागला होता. मोटारी आल्या, घोडे गेले. शहरांनी डांबर आणि काँक्रीट पसंत केलं. हाताने घडवलेल्या चिऱ्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही. पहिल्या महायुद्धाने तरुण नेले, मंदीने उरलेलं काम नेलं. शेजारची कारेग अ लाम खाण खडीच्या जोरावर 1960 च्या दशकापर्यंत तग धरून होती, पण तेवढ्याने वाडी जगणार नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर शाळा बंद झाली. मुलं शिकायला वर जायला लागली की आईबापही वर जागा शोधतात. एकेक घर रिकामं होत 1959 उजाडलं.

पुढची वीसेक वर्षं वाडी वाऱ्या-पावसाच्या स्वाधीन होती. सत्तरच्या दशकात ‘न्यू अटलांटिस’ नावाने काही हिप्पी येऊन राहिले. वीज-पाण्याविना राहणाऱ्या त्या मंडळींनी शेकोटीसाठी घरांच्या जमिनीच्या फळ्या आणि दारं जाळली, भिंती रंगवल्या आणि उरलेसुरले वासेही गेले. त्यांचा शोध काय होता ते असो, वाडीची हानी मोठी झाली.

हाच काळ वेल्सच्या भाषेसाठीही फार कठीण होता. 1901 च्या जनगणनेत वेल्समधले निम्मे लोक वेल्श बोलत होते. 1961 मध्ये ते प्रमाण 26 टक्क्यांवर आलं, 1971 मध्ये 21 टक्क्यांच्याही खाली. फेब्रुवारी 1962 मध्ये लेखक सॉन्डर्स लुइस यांनी रेडिओवरच्या भाषणात इशारा दिला की असंच चाललं तर ही भाषा एकविसाव्या शतकाच्या आरंभाला संपलेली असेल. त्याच वर्षी भाषेसाठी लढणारी तरुणांची संघटना उभी राहिली. आणि 1965 मध्ये ट्रवेरिनच्या खोऱ्यातली कापेल केलिन ही पूर्णपणे वेल्शभाषक वाडी धरणाखाली गेली. शाळा, टपालघर, चॅपेल, स्मशान, बारा घरं आणि शेतं. अठ्ठेचाळीस माणसांनी घरं गमावली. धरण होतं लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी. संसदेत या धरणाच्या कायद्याच्या बाजूने वेल्सच्या एकाही खासदाराने मत दिलं नव्हतं, तरी तो मंजूर झाला. ज्या शहराचे रस्ते नान्टच्या चिऱ्यांनी बांधले गेले, त्याच शहराने वेल्सचं एक खोरं बुडवलं. एक वाडी बाजाराने रिकामी केली, दुसरी संसदेने. वेल्समध्ये ‘ट्रवेरिन लक्षात ठेवा’ या अर्थाचे शब्द आजही भिंतींवर रंगवलेले असतात.

कार्ल क्लाउज 1970 मध्ये लानायलहायर्नला आले. मँचेस्टरमध्ये वाढलेला हा तरुण डॉक्टर वेल्श मोठेपणी शिकला होता आणि आपली मुलं वेल्शभाषक गावात वाढावीत म्हणून कुटुंबासह तिथे आला होता. लानायलहायर्न म्हणजे आयवलच्या दुसऱ्या अंगाचं, खाणींवर जगलेलं खेडं. डॉक्टर आले तेव्हा खाणकामाला उतरती कळा लागली होती, तरुण निघून जात होते आणि पटसंख्या कमी म्हणून प्राथमिक शाळा बंद करण्याचं घाटत होतं. गावाने एकत्र येऊन विरोध केला, डॉक्टर त्यात पुढे होते. शाळा वाचली.

इथे बहुतेक चळवळी थांबतात. विजय साजरा होतो, माणसं घरी जातात. लानायलहायर्नच्या लोकांना मात्र पुढचा प्रश्न दिसला: शाळा वाचली, पण पाच वर्षांनी तिच्यात बसायला मुलं कुठून येणार? तरुण जोडप्यांनी गावात राहावं असं वाटत असेल तर त्यांना काम हवं. दवाखान्यात येणाऱ्या माणसाच्या तब्येतीचा संबंध त्याच्या कामाधंद्याशी असतो, हे खेड्यातल्या डॉक्टरला वेगळं सांगावं लागत नाही. आयर्लंडच्या पश्चिमेला आयरिश बोलणाऱ्या गावांनी स्वतःच्या सहकारी संस्था काढल्या होत्या. त्यांचा अनुभव समोर ठेवून 1974 मध्ये ‘आन्टुर आयलहायर्न’ ही संस्था निघाली. गावकरीच भागधारक, गावकरीच चालक. विणकाम आणि मातीकाम अशा छोट्या उद्योगांपासून सुरुवात. ब्रिटनमधली पहिली गाव-सहकारी संस्था म्हणून तिचं नाव घेतलं जातं.

सहकार या भागाला नवा नव्हता. ट्रेवोर आणि क्लिनोगच्या लोकांनी 1912 मध्येच आपली मोटार कंपनी काढली होती आणि तिच्या बस पुढे पिढ्यान्‌पिढ्या त्या रस्त्यावर धावल्या. लिथ्वाएनमधली ‘टावार्न अ विक’ ही पानशाळा 1988 पासून गावाच्याच मालकीची आहे. सरकारची वाट न पाहता पदरचे थोडे थोडे पैसे घालून गरजेची गोष्ट उभी करायची, ही लीनच्या लोकांची सवय आहे. नान्टची संस्था याच मातीत रुजली, हे लक्षात घेतलं नाही तर तिची गोष्ट एका माणसाच्या पराक्रमाची होऊन बसते. क्लाउज यांनाही ते रुचलं नसतं.

नान्टची कल्पना सुचली ती दोन गोष्टी एकत्र आल्यामुळे. 1967 च्या कायद्याने वेल्शला थोडं कायदेशीर स्थान मिळालं होतं. 1974 मध्ये स्थानिक प्रशासनाची फेररचना होऊन ग्विनेद परगणा झाला आणि त्या परिषदेने दोन्ही भाषांत कारभार करण्याचं धोरण धरलं. म्हणजे कारकून, शिक्षक, परिचारिका, समाजसेवक अशा शेकडो लोकांना आता वेल्श यायला हवी होती. इस्राएलच्या धर्तीवरचे सखोल भाषावर्ग वेल्समध्ये नुकतेच सुरू झाले होते. शिकणाऱ्यांची गरज वाढणार, हे दिसत होतं. दुसरीकडे लीनमध्ये भाषा होती आणि काम नव्हतं. क्लाउज यांनी या दोन्हींची सांगड घातली. भाषा शिकवणं हाच उद्योग का असू नये? शिक्षक, स्वयंपाकी, सुतार, गवंडी, सफाई करणारे, हिशेबनीस यांना काम मिळेल. आणि त्या कामाची अट असेल ती त्यांची मातृभाषा. ज्या भाषेमुळे मुलं मागे पडतात असं शंभर वर्षं सांगितलं गेलं, तीच पोटापाण्याचं साधन होईल. मला या संस्थेच्या साऱ्या इतिहासात ही कल्पना सर्वांत धाडसी वाटते.

वाडी विकत घेण्याच्या वाटाघाटी काही वर्षं चालल्या. पंचवीस हजार पौंड ही रक्कम त्या काळी लहान नव्हती आणि संस्थेकडे ती नव्हती. वेल्सभर आवाहन झालं. गावोगावच्या मित्रमंडळांनी गाण्याचे कार्यक्रम केले, पदयात्रा काढल्या, वर्गण्या गोळा केल्या. काळ अनुकूल होता म्हणावं, तर तसंही नाही. वाडीची खरेदी झाली त्याच्या पुढच्या वर्षी, 1 मार्च 1979 रोजी, वेल्सला स्वतःची विधिसभा असावी का यावर जनमत घेण्यात आलं आणि दर पाचांपैकी चौघांनी नको म्हटलं. राजकीय पातळीवर इतकी निराशा असताना काही माणसं डोंगराखालच्या पडक्या घरांतून राडारोडा काढत होती.

ते काम फार कष्टाचं होतं. सिमेंटची पिशवी असो की स्लेटचं कौल, सगळं त्या घाटातून खाली न्यायचं. पावसाळी हिवाळ्यात रस्ता वाहून जायचा. स्वयंसेवक आठवड्याच्या शेवटी येत. सरकारच्या रोजगार योजनेतून बेकार तरुण कामाला मिळाले. दगडी भिंत रचायला, कौलं चढवायला ते तिथेच शिकले. एकदम सगळं दुरुस्त करण्याइतका पैसा कधीच नव्हता. एक घर राहण्याजोगं झालं की त्यात शिकणारे ठेवायचे, त्यांच्या शुल्कातून आणि देणग्यांतून पुढच्या घराला हात घालायचा. 1982 च्या ईस्टरला पहिले विद्यार्थी आले तेव्हा वाडीचा बराचसा भाग पडकाच होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वेल्श भाषेची दूरचित्रवाहिनी सुरू झाली. तिच्यासाठी वेल्श राष्ट्रवादी नेते ग्विनवोर एव्हन्स यांना आमरण उपोषणाची घोषणा करावी लागली होती. दोन्ही घटना एका वर्षातल्या आहेत. जनमताच्या पराभवानंतर भाषेची माणसं गप्प बसली नाहीत, हे त्यातून दिसतं.

नान्टच्या वर्गाची पद्धत साधी आहे. शिकणारे काही दिवस तिथेच राहतात, त्याच खाणकामगारांच्या घरांत. सकाळी-दुपारी वर्ग, आणि वर्गाबाहेरही वेल्शच. जेवण वाढणारा, खोली दाखवणारा, बागेत काम करणारा प्रत्येक जण आधी वेल्श बोलतो आणि तुम्ही अडखळलात तर थांबून वाट पाहतो. संध्याकाळी भटकंती, गाणी किंवा घाट चढून टावार्न अ विकमध्ये गावकऱ्यांशी गप्पा. भाषा शिकणाऱ्या प्रौढाला व्याकरणापेक्षाही लाज आड येते. आपण चुकलो तर समोरचा चटकन इंग्रजीकडे वळेल ही भीती असते, आणि वेल्समध्ये तसं होतंही, कारण प्रत्येकाला इंग्रजी येते. दरीत ती वळवाट बंद केलेली आहे. डोंगरांनी अडवलेली जागा भाषावर्गासाठी इतकी सोयीची ठरेल, हे ती वाडी ओस पडली तेव्हा कुणाच्या मनात आलं नसेल.

येणारी माणसंही नाना तऱ्हेची. नोकरीसाठी वेल्श लागणारे परिषदेचे कर्मचारी, रुग्णांशी त्यांच्या भाषेत बोलू इच्छिणारे आरोग्यसेवक, मुलांना वेल्श माध्यमाच्या शाळेत घातलेले इंग्रजीभाषक आईबाप, आजी-आजोबांची भाषा घरातून सुटलेली मध्यमवयीन माणसं, इंग्लंडमधून येऊन स्थायिक झालेले. अलीकडे कामाच्या ठिकाणच्या वेल्शसाठी सरकारी मदतीने चालणारे निवासी वर्गही इथे होतात.

2000 नंतरच्या दशकात संस्थेने मोठी उडी घेतली. सुमारे पन्नास लाख पौंडांचं नूतनीकरण हाती घेतलं गेलं. घरं आतून नव्याने बांधली, चॅपेलमध्ये वारसा-दालन झालं, उपाहारगृह वाढलं, समारंभासाठी सभागृह आलं, घाटाचा रस्ता सुधारला. उपाहारगृहाला मेइनीरचं नाव आहे. आता वाडीत लग्नंही लागतात आणि त्यांचं उत्पन्न वर्गांच्या खर्चाला हातभार लावतं. काही जुन्या हितचिंतकांना ही लग्नकार्यांची वर्दळ खटकते. मला ती खटकत नाही. केवळ अनुदानावर चालणारी संस्था सरकार बदललं की डळमळते. स्वतःची मिळकत असलेली संस्था तग धरते. 2020 च्या महासाथीत नेमकी ही मिळकतच संकटात आली. निवास बंद, लग्नं बंद, उपाहारगृह बंद. दरीत एकत्र राहण्यावर उभी असलेली शाळा काही काळ पडद्यावरून वर्ग घेत राहिली आणि मग पुन्हा उघडली.

एवढ्या साऱ्यातून भाषेला काय मिळालं? आकडे सरळ सांगतो. 2001 च्या जनगणनेत वेल्श बोलणाऱ्यांचं प्रमाण शतकात पहिल्यांदा वाढून 20.8 टक्के झालं. 2011 मध्ये ते 19 टक्के झालं आणि 2021 मध्ये 17.8 टक्के, म्हणजे सुमारे पाच लाख अडतीस हजार माणसं. 2050 पर्यंत दहा लाख वेल्शभाषक हे सरकारचं उद्दिष्ट आहे. ग्विनेदमध्ये आजही चौसष्ट टक्के लोक वेल्श बोलतात. देशातलं हे सर्वाधिक प्रमाण, पण तेही उतरतं आहे. सॉन्डर्स लुइस यांनी सांगितलेला शेवट आला नाही, आणि धोकाही टळलेला नाही.

धोका आता वेगळ्या वाटेने येतो. लीनच्या किनाऱ्यावरची घरं सुट्टीसाठी विकत घेतली जातात, वर्षातले बरेच महिने बंद असतात, आणि त्यांच्या किमती स्थानिक तरुणाच्या आवाक्याबाहेर जातात. ग्विनेद परिषदेने 2023 पासून अशा दुसऱ्या घरांवरच्या घरपट्टीत दीडशे टक्के जादा आकार लावला. ज्या शाळेच्या लढ्यातून हे सगळं सुरू झालं ती लानायलहायर्नची शाळा 2020 मध्ये शेवटी बंद झाली. पटसंख्या फारच घटली होती. त्यानंतरच्या वर्षी, डिसेंबर 2021 मध्ये, कार्ल क्लाउज गेले. या वाटचालीचं वर्णन करताना शाळेची गोष्ट वगळणं अप्रामाणिकपणाचं होईल. एक भाषाकेंद्र कितीही उत्तम चालो, आसपासच्या प्रत्येक खेड्यातल्या तरुणाला घर आणि काम ते देऊ शकत नाही. क्लाउज यांनी 1974 मध्ये जे निदान केलं होतं, तेच आजही लागू आहे, आणि उपाय अजून पुरेसा झालेला नाही.

तरीही हिशेब मांडला तर नान्टच्या बाजूला पुष्कळ जमा दिसते. हजारो माणसं तिथून भाषा घेऊन बाहेर पडली आणि त्यांतल्या अनेकांनी ती आपल्या मुलांना दिली. चार दशकं स्थानिक माणसांना वेल्शमधून काम मिळालं, आणि ओस पडलेली वाडी पुन्हा नांदती झाली. कापेल केलिन पाण्याखालून वर येणार नाही. नान्ट वर आलं, कारण काही लोकांनी वेळेवर पैसे जमवून ते आपल्या ताब्यात घेतलं.

लिव्हरपूल-मँचेस्टरच्या बाजूला राहणाऱ्या आणि सुट्टीत उत्तर वेल्सला जाणाऱ्या मराठी वाचकांना माझं सांगणं आहे, स्नोडनच्या गर्दीतून एक दिवस काढून लीनकडे वळा. गाडी वर ठेवून घाट पायी उतरा, सेइलोमधलं प्रदर्शन सावकाश पाहा, मेइनीरच्या नावाच्या उपाहारगृहात जेवा आणि दोन शब्द वेल्शमध्ये बोलून पाहा. संध्याकाळी लिथ्वाएनच्या गावकीच्या पानशाळेत थोडा वेळ बसा. तिथे खर्च केलेला पैसा त्याच गावात राहतो.